एपरामा मास्तरांची तिरकी बेरीज

एपरामा मास्तर तीन आणि चार मिळून पाच होतात असं शिकवतात, ही बातमी गावभर पसरायला एक दुपार पुरली.

वर्गात घडलं होतं ते अगदी साधं. मास्तरांनी फळ्यावर एक आडवा बाण काढला, तीन न्यूटनचा. त्याच्या टोकापासून दुसरा बाण सरळ वर काढला, चार न्यूटनचा. मग पहिल्याच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत एक तिरका बाण ओढून ते म्हणाले, "हे या दोघांचं फलित. पाच." वर्गाने वहीत सात लिहिलं. मास्तरांनी पुन्हा समजावलं. या नुसत्या संख्या नाहीत, हे सदिश आहेत, यांना दिशा असते. एक पूर्वेला ओढतो, दुसरा उत्तरेला ओढतो, मधे सापडलेला माणूस दोघांचंही थोडं थोडं ऐकतो आणि तिसरीकडेच जातो. हे उदाहरण कुठल्याही संसारी माणसाला तात्काळ पटलं असतं. पण वर्गात अजून कोणी संसारी नव्हतं. त्यांनी पुन्हा सात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शेजारच्या दीपनारायणच्या बेकरीत गेले आणि तीन साधे बन आणि चार खोबऱ्याचे बन मागितले. दीपनारायणने पुडा बांधून हातात दिला. मास्तरांनी दाबून पाहिला.

"भैया, यात पाचच आहेत."

"तुमच्याच हिशेबाने दिलेत, मास्तर. तिरके बांधलेत."

दुकानात मासे घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका खोकल्यासारखं करून हसल्या. मास्तर पाच बन घेऊन घरी आले. त्यांच्या बायकोने, उनाइसीने, पुडा सोडला, बन मोजले आणि स्वतःच्या वाटणीचा बन अर्धा केला. तो अर्धा बनच मास्तरांना जास्त लागला.

मास्तर मूळचे डोंगरातले. राजधानीला, सुव्याला जाऊन पदवी घेतली, रेवा नदीच्या मुखाशी असलेल्या या शाळेत नोकरी धरली आणि इथलीच मुलगी केली. इतकी वर्षं झाली तरी सासरच्यांच्या लेखी ते डोंगरावरून घरंगळत आलेले पाहुणेच होते. खाडीतल्या माणसाला चिखल, पाणी आणि खेकडे जन्मापासून कळतात. मास्तरांना न्यूटन कळत होता. या तिघांत न्यूटन बसत नाही असं मेव्हण्याचं, म्हणजे ओसेआचं, मत होतं आणि ते तो दर रविवारी जेवताना मांडत असे.

हे सगळं मास्तर गिळत आले होते. पण त्याच आठवड्यात हेडमास्तर पोनसामींनी त्यांना बोलावून घेतलं.

"जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी लोसालीनी बाई पुढच्या गुरुवारी येतायत," हेडमास्तर म्हणाले. "गेल्या परीक्षेत सदिशांच्या प्रश्नाला आपल्या सगळ्या मुलांनी सात लिहिलं. सगळ्यांनी. बाईंना आधी वाटलं कॉपी झाली. मी सांगितलं, कॉपी नाही, ती त्यांची श्रद्धा आहे."

"सर, मी त्यांना तेच—"

"मला ठाऊक आहे. खरं सांगू का, मलाही सातच वाटतं. पण तो मुद्दा नाही. बाईंचा विचार असा, की भौतिकशास्त्र इथे बंद करावं. आपल्याकडे शेतीच्या वर्गाला मुलं भरपूर आहेत, मास्तर नाही. भौतिकशास्त्राला मास्तर आहे." पुढचं वाक्य हेडमास्तरांनी दयेपोटी पुरं केलं नाही.

शेती या शब्दाने मास्तरांच्या पाठीत कळ आली. दालोचे, म्हणजे अळूचे, कंद लावण्यासाठी वडील पहाटे उठवत आणि अंधार पडेपर्यंत कुदळ हातातून सुटत नसे. ती कुदळ टाकूनच ते शिकायला पळाले होते. माणूस ज्या कारणाने विज्ञानाकडे वळतो ते नेहमीच उदात्त असतं असं नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांनी ठरवलं की पोरांना आणि बाईंना सदिश बेरीज डोळ्यांनी दाखवायची. शाळेमागून नदी वाहत होती. होडी सरळ पलीकडे वल्हवली तर प्रवाह तिला खाली नेतो. होडीचा वेग एक बाण, प्रवाहाचा वेग दुसरा बाण. पण होडीचं तोंड आधीच योग्य तेवढं वर, प्रवाहाविरुद्ध वळवून ठेवलं, तर दोन बाणांची बेरीज बरोबर समोर जाते. मास्तर स्वतः वल्हवणार, कोन धरून जाणार आणि समोरच्या माडाला जाऊन टेकणार. त्यानंतर सात म्हणायची कोणाची छाती होते ते त्यांना पाहायचं होतं.

"दाजी, तुम्हाला पोहता येतं का?" ओसेआने विचारलं. होडी त्याची होती.

"प्रश्न पोहण्याचा नाही. प्रश्न कोनाचा आहे."

"बुडणाऱ्या प्रत्येकाचा काही ना काही कोन असतोच," ओसेआ म्हणाला, पण त्याने होडी दिली. असा योग पुन्हा येणार नाही हे त्याला दिसत होतं.

मग परवानगी. तिकडच्या किनाऱ्यावरचा माड पाद्रीबाबांचा निघाला. त्यांच्याकडे रीतीप्रमाणे यंगोनाची मुळं घेऊन जावं लागलं, ती कुटून, पाण्यात कालवून, वाटीमागून वाटी पिऊन झाली, जीभ बधिर झाली, तेव्हा पाद्रीबाबांनी माडाला टेकायला संमती दिली. शिक्षण खात्याच्या कचेरीत मात्र यंगोना चालत नव्हता. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"ही सहल आहे?"

"प्रात्यक्षिक आहे. पण तुमच्याकडे तो रकाना नाही, म्हणून सहल लिहिलं."

"सहलीत विद्यार्थी जातात आणि मास्तर सांभाळतात. इथे विद्यार्थी किनाऱ्यावर आणि मास्तर एकटेच सहलीला चाललेत. मग तुम्हाला कोण सांभाळणार?"

शेवटी कारकुनाने विद्यार्थ्यांना मास्तरांचे पालक म्हणून नोंदवलं आणि शिक्का मारला. मास्तरांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि बसमध्ये घरी येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिले.

आता गणित. प्रवाहाचा वेग काढण्यासाठी त्यांनी सकाळी शाळेच्या धक्क्यावरून एक नारळ सोडला आणि त्याच्याबरोबर किनाऱ्याने चालत गेले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, मास्तर, नारळ पडला का, काढून देऊ का. एकाने तर नको नको म्हणत असताना उडी मारून काढून दिला. स्वतःचा वल्हवण्याचा वेग त्यांनी उसाच्या जुन्या कालव्यात, साचलेल्या पाण्यात मोजला. ओसेआ काठाने त्यांच्यासोबत चालत होता आणि मधून मधून थांबून त्यांची वाट पाहत होता.

रात्री जेवणाच्या टेबलावर मास्तरांनी मोठा कागद पसरला. आधी आकृती. पट्टीने बाण मोजून काढले, एकाचं टोक दुसऱ्याच्या शेपटीला जोडलं, कोनमापकाने कोन घेतला. मग गणित. बाणांचे आडवे आणि उभे भाग पाडले, साइन-कोसाइन लावले, कोन काढला. दोन्ही उत्तरं वेगळी आली. मास्तरांनी सगळं पुन्हा केलं. दोन्ही उत्तरं पुन्हा तितकीच वेगळी आली, आणि विज्ञानाच्या दृष्टीने हे जास्त भयंकर होतं, कारण साध्या चुकीला इतकं सातत्य नसतं.

"पट्टीचं पहिलं टोक तुटलंय," बशा आवरताना उनाइसी म्हणाली. "तुम्ही एकपासून मोजताय."

मास्तरांनी पट्टी पाहिली. इतकी वर्षं वर्गात हीच पट्टी होती. मुलांनी आजवर काढलेल्या बाणांचा विचार मनात येताच त्यांना खुर्चीत बसावं लागलं. थोड्या वेळाने त्यांनी आकृती नव्याने काढली आणि या वेळी ती गणिताशी तंतोतंत जुळली. इतका आनंद त्यांना पुढे त्या आठवड्यात पुन्हा झाला नाही.

"नऊपर्यंत निघा म्हणजे झालं," उनाइसी म्हणाली. "नंतर भरती लागेल."

"कार्यक्रम साडेआठचाच आहे," मास्तर म्हणाले.

गुरुवारी मास्तरांनी कडक इस्त्रीचा करडा सुलू लुंगीसारखा गुंडाळून नेसला, वर टाय लावला. फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक ओसेआचा विरोध मोडून होडीच्या फळीवर ठोकला. समोरच्या माडाला उनाइसीचा लाल सुलू बांधला. साडेआठला मुलं किनाऱ्यावर हजर होती. लोसालीनी बाई नव्हत्या. त्यांच्या गाडीपुढे रस्त्यात कोणाची तरी म्हैस बसली होती.

बाई आल्या त्या घाम पुसत. मग रीतीप्रमाणे स्वागत झालं. पाद्रीबाबा मुद्दाम आले होते, त्यांनी होडीसाठी प्रार्थना केली, मग वल्ह्यांसाठी, मग देशातल्या सगळ्या मास्तरांसाठी. हेडमास्तरांनी शाळेचा इतिहास सांगितला. त्यात चक्रीवादळं पुष्कळ होती आणि ते एकही गाळायला तयार नव्हते. मग चहा आला. दीपनारायणने बन पाठवले होते. मास्तर होडीजवळ कोन मोजत उभे होते. उनाइसीने दोनदा येऊन हळूच सांगितलं, "पाण्याकडे बघा." त्यांनी पाण्याकडे बघितलं. पाणी होतं. डोंगरातल्या माणसाला पाणी दिसलं की पुरतं.

"हं, मास्तर," बाई शेवटी म्हणाल्या. "दाखवा तुमचं."

"एक लक्षात ठेवा," मास्तर वर्गाला म्हणाले. "मी वाटेत होडीचा कोन अजिबात बदलणार नाही. काही झालं तरी नाही. नाहीतर प्रयोगाला अर्थ राहत नाही." शलेश्नी आणि सैरूसी, वर्गातले त्यातल्या त्यात हुशार दोघे, पुढेच उभे होते. त्यांनी मान डोलावली.

मास्तर निघाले. होडीचं तोंड प्रवाहाच्या उगमाकडे तिरकं वळलेलं, कोनमापकावरची दोरी बरोबर आकड्यावर. सुरुवातीला सगळं छान वाटलं. वल्ही कधी नव्हे इतकी हलकी लागत होती. त्याचं कारण मात्र त्यांच्या लक्षात नदीच्या मध्यावर आलं, कोणीतरी चहाबरोबर खाऊन फेकलेली संत्र्याची साल होडीच्या पुढे पुढे उलटी, उगमाकडे निघाली तेव्हा.

भरती लागली होती. समुद्र नदीत शिरत होता. जो बाण त्यांनी खाली धरला होता तो आता वर जात होता, आणि त्यांनी स्वतः होडीचं तोंडही वरच वळवलेलं होतं. दोन बाण एकमेकांना छेद देण्याऐवजी हातात हात घालून निघाले होते. लाल सुलू बांधलेला माड उजवीकडे सरकत मागे गेला.

कोणीही शहाण्या माणसाने होडी वळवली असती. पण किनाऱ्यावर अधिकारी बसलेल्या, वर्ग मान डोलावून बसलेला, आणि मास्तर सगळ्यांसमोर शब्द देऊन आलेले. त्यांनी कोन बदलला नाही. खरोखर सांगायचं तर प्रयोग त्या क्षणी अत्यंत यशस्वी चालला होता. फक्त तो दुसरा प्रयोग होता.

वळण घेऊन किनारा दिसेनासा झाला तेव्हा मात्र त्यांनी कोनमापकाला नमस्कार केला आणि जोर लावून होडी वळवायला घेतली. वल्ह्याची दोरी तुटली आणि वल्हं पाण्यात गेलं. ते धरायला वाकले तर टायचं टोक कोनमापकाच्या खिळ्यात अडकलं. टाय सोडवेपर्यंत होडी कांदळवनातल्या एका अरुंद फाट्यात घुसली आणि मुळांत अडकली. मास्तर होडी ढकलायला उतरले, कमरेपर्यंत चिखलात गेले, आणि वजन कमी झाल्यामुळे होडी तरंगून आरामात पुढे निघून गेली.

त्यांनी एक पाय उपसला की दुसरा खोल जात होता. पाणी चढत होतं. खेकडे मुळांवर बसून त्यांच्याकडे बघत होते. पाणी छातीला लागलं तेव्हा मास्तरांना प्रथमच वाटलं की शेती हा तसा कोरडा विषय आहे. मग उनाइसीची आठवण आली, आणि मग काही विनोदी सुचेना. त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. त्या डेल्ट्यात असे फाटे कितीतरी, आणि कोणी हरवलं की गावकरी समुद्राकडे शोधतात, हे त्यांना माहीत होतं.

गावकरी समुद्राकडेच निघाले होते, हे नंतर उनाइसीने सांगितलं. ओसेआ दुसरी होडी बाहेर काढत असताना शलेश्नी मोठ्याने म्हणाली, "सर तिकडे नसणार. प्रवाह उलटा फिरलाय. आता दोन्ही बाण वरच्या बाजूला आहेत." ती किनाऱ्यावर आणून ठेवलेल्या फळ्यावर आडवे-उभे भाग पाडायला लागली. सैरूसी म्हणाला त्यात वेळ जाईल, आणि त्याने ओल्या वाळूत काठीने बाण ओढायला सुरुवात केली. वर्ग दोन्हींकडे वाटला गेला. लोसालीनी बाई चहाचा कप घेऊन उभ्याच राहिल्या. दोन उत्तरं आली, जवळजवळची, पण एक नव्हे. म्हणून दोन होड्या निघाल्या.

मास्तरांच्या हनुवटीशी पाणी आलं तेव्हा त्यांना आवाज ऐकू आले.

"म्हटलं होतं ना, पहिला फाटा," शलेश्नीचा आवाज.

"पहिला नाही, पहिल्याच्या थोडा वर. आकृतीत तसंच आलं होतं," सैरूसी.

"तुझी काठी जाड होती."

"इथे," मास्तर म्हणाले. तोंडात पाणी गेलं.

दोन होड्या कांदळवनाच्या दोन बाजूंनी पुढे आल्या. एकीत ओसेआ, शलेश्नी आणि उनाइसी, दुसरीत सैरूसी आणि त्याचे साथीदार. कोण जास्त जवळ आलं हे बघण्यासाठी दोन्ही बाजू अंतर डोळ्यांनी मोजायला लागल्या.

"सर, तुम्हीच सांगा. तुम्ही उतरलात नेमके कुठे?"

"आधी दोर टाका," उनाइसी म्हणाली. तिच्या आवाजाने दोन्ही बाजू गप्प झाल्या.

दोन दोर आले. मास्तरांनी दोन्ही काखेतून बांधून घेतले आणि दोन्ही होड्यांनी आपापल्या दिशेला जीव खाऊन ओढलं. मास्तर ना शलेश्नीकडे गेले ना सैरूसीकडे. ते मधल्या दिशेने, कालवांनी भरलेल्या एका जाड मुळावर छातीने आपटले.

"तुमच्यातला कोन कमी करा," ते कसेबसे म्हणाले.

"किती करू, सर?"

"शून्य."

होड्या शेजारी शेजारी आल्या आणि मास्तर सुटले. सुलू चिखलात राहिला. उनाइसीने स्वतःचा वरचा झगा काढून त्यांच्यावर टाकला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. ओसेआ वल्हवत होता. तो काहीच म्हणाला नाही, आणि मास्तर एकदम घाबरले, कारण ओसेआला काही सुचत नाही असं आजवर झालं नव्हतं.

फुलाफुलांच्या झग्यात मास्तर किनाऱ्यावर उतरले तेव्हा लोसालीनी बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला.

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं.

"अभिनंदन, मास्तर. विषय वाचला. बाई म्हणाल्या, सदिशांवरून इतक्या हिरिरीने भांडणारी मुलं त्यांनी कुठे पाहिली नाहीत. भौतिकशास्त्र इथेच राहणार."

मास्तरांचे डोळे भरून आले.

"त्यांचं एक निरीक्षण मात्र आहे," हेडमास्तर खिडकीकडे वळून म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही समोर उभे राहून शिकवलंत, तेव्हा जमलं नाही. तुम्ही दिसेनासे झालात आणि तासाभरात सगळं आलं. त्यामुळे त्यांचं मत असं, की तुम्ही फार जवळ नसावं."

"म्हणजे किती लांब?"

"मागच्या वावरापर्यंत."

शेतीचं वावर प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीला लागूनच आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला आता शिवणाच्या बाई देखरेख करतात आणि स्वेटर विणतात. मास्तर दालोचे कंद लावतात. खिडकीतून शलेश्नी आणि सैरूसीचा वाद ऐकू येतो. आता तीन तीन बाण जोडायला घेतलेत त्यांनी. मास्तर कुदळीवर हात ठेवून प्रत्येक पायरी ऐकतात. एखादी चूक सापडली तर आत जाऊन दुरुस्त करण्याचा हक्क त्यांना नक्कीच आहे. एके दिवशी ते कितीतरी वेळ तसेच उभे होते. चूक काही झाली नाही. मग शिवणाच्या बाईंनी खिडकीतून पाहून विचारलं, काही हवंय का, मास्तर. ते नाही म्हणाले आणि पुढच्या कंदासाठी खाली वाकले.